सणाच्या दुसऱ्या दिवशीचा डबा

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गंगापूर रोडच्या घरात पहाटे साडेपाचला कुकरची शिट्टी होते. दोन्ही आत्या मुक्कामी असतात, नऊ मुलं हॉलमध्ये आडवीतिडवी झोपलेली असतात आणि आई तिखटमिठाच्या पुऱ्या लाटत असते. त्या दिवशी आम्ही सगळे मिळून कुठंतरी जातो. माझ्या लहानपणी ते ‘कुठंतरी’ म्हणजे सोमेश्वरचा धबधबा नाहीतर पांडवलेणी. पुढं पायथ्याला फाळके स्मारक झालं, मग शिर्डीचं वॉटर पार्क, आणि दोन वर्षांपूर्वी मुलांनी फारच धरलं म्हणून थेट खोपोलीजवळचं इमॅजिका. जागा बदलत गेल्या, डबा मात्र तोच आहे. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, आणि फराळाच्या सगळ्या डब्यांच्या तळाशी उरलेलं एकत्र केलेला चिवडा. त्यात चकलीचे तुकडे, मोडकी कडबोळी, शेव, कुठंतरी एखादी शंकरपाळी. थोरली आत्या त्याला गोपाळकाला म्हणते.

यंदा डबा भरताना माझी मुलगी म्हणाली, “मला पाडव्याच्या ताटापेक्षा हेच जास्त आवडतं.” आई लाटणं थांबवून तिच्याकडं बघत राहिली. आईनं आयुष्यभर सणाच्या ताटासाठी जीव टाकलाय. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. पण ती म्हणाली, “मलाही. सणाच्या दिवशी मी बसून कुठं जेवते? बसून जेवते ती दुसऱ्या दिवशी, सहलीत.”

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. सणाचं ताट प्रत्येकाकडं असतं, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. तुमच्या घरी सणाच्या दुसऱ्या दिवशी काय खातात, ते घेऊन कुठं जातात, बागेत, यात्रेत, वॉटर पार्कमध्ये, आणि त्या डब्याचं तिथं काय होतं, ते सांगा. नाशिक शहरातलंच हवं असं नाही, जिल्ह्यातलं कुठलंही चालेल. आता नाशिकबाहेर असाल तरी लिहा.

पंचवटीतून

माझा जन्म पंचवटीतला, लग्नही दोन गल्ल्या सोडून झालं. होळीला आमच्याकडं तीन किलो डाळीचं पुरण होतं, कारण दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या पोळ्या हव्याच असतात. शिळी पुरणपोळी तव्यावर तूप सोडून कडक करायची, कडा कुरकुरीत झाल्या पाहिजेत. पुरुषमंडळी दुधात कुस्करून खातात, ते मला कधी आवडलं नाही.

आमची गंमत अशी की धुळवडीला नाशिककर रंग खेळत नाहीत. आम्ही रंगपंचमीपर्यंत थांबतो. त्या दिवशी रहाडी उघडतात. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते: हे पेशवेकालीन दगडी हौद आहेत, चांगले खोल. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून झाकलेले असतात, त्यांच्यावरून रहदारी चालते, नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. पंचमीला उकरून, साफ करून, पूजा करून त्यात फुलापानांचा उकळलेला रंग टाकतात. उंचावरून त्यात उडी घेणं म्हणजे धप्पा. एक धप्पा मारला की रंग दोन-तीन दिवस कातडीवरून हलत नाही. धप्पा मारून आलेल्या पोरांची भूक मी लहानपणापासून बघत आलेय. त्या दिवशी गोडधोड कुणी विचारत नाही. पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि भाकऱ्या नेहमीच्या दुप्पट.

गेल्या वर्षी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी नातवाला वॉटर पार्कला नेलं. कानामागं अजून गुलाबी रंग होता त्याच्या. लाटांच्या तलावात उतरला आणि तिथूनच ओरडला, “आजी, रहाडच आहे ही, फक्त रंग टाकायला विसरलेत!” डब्यात मी गुळपोळ्या नेल्या होत्या. पुरणपोळी उन्हात दुसऱ्या दिवशी विटते, गुळपोळी आठ दिवस हलत नाही. प्रवासाला तीच खरी.

सटाण्याची माहेरवाशीण, सध्या इंदिरानगर

आमचा पदार्थ डब्यात मावतच नाही, म्हणून जरा वेगळं लिहिते. बागलाणात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापराचे मांडे होतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात. कणीक एवढी सैल आणि एवढी तिंबलेली की पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत खेळवत खेळवत वाढवायचा. मांडा हातावर पसरत जातो आणि एका झटक्यात खापरावर पडतो. भाजला की गरम असतानाच घडी घालावी लागते, गार झाला की तुटतो. माझ्या आईच्या हातावर मांडा वाढताना मी तासन् तास बघितलंय. मला अजून तसा जमत नाही. माझा मध्ये फाटतो.

मांड्याबरोबर आमरस, कुरडया, भजी आणि डाळीच्या पाण्याची काळ्या मसाल्याची रशी. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात. मांडे त्याच दिवशी संपतात, पण रशी उरते. उरावी म्हणूनच जास्त करतात. एका रात्रीत ती अशी मुरते की आदल्या दिवशीची रशी तीच का असं वाटावं. दुसऱ्या दिवशी आम्ही सप्तशृंगीच्या गडावर जायचो, स्टीलच्या किटलीत रशी आणि फडक्यात बाजरीच्या भाकऱ्या. पूर्वी पाचेकशे पायऱ्या चढाव्या लागायच्या. २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि माझ्या मुलांच्या आयुष्यातली पहिली राइड तीच ठरली. ट्रॉलीत दोघं दोन्ही हात वर करून बसले होते, टीव्हीवर रोलर कोस्टरमध्ये बसतात तसे. शेजारच्या आजीबाई देवीला हात जोडून बसल्या होत्या, त्यांना वाटलं मुलंही नमस्कार करताहेत. त्यांनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

ओझर

सटाण्याच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा सण चंपाषष्ठी. चातुर्मासात घरात वांगं, कांदा, लसूण बंद असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पहिलं वांगं तोंडात जातं. चार महिने थांबून खाल्लेल्या भरताची चव ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. त्या दिवशी ओझरला खंडेरावाची यात्रा, बारा गाडे ओढतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या भरतात दही घालून भाकरीबरोबर बांधून घ्यायचं आणि यात्रेत आकाशपाळण्याच्या रांगेत उभं राहायचं. येताना गोडीशेव आणि भेळभत्ता. आम्हाला थीम पार्क लागलं नाही, वर्षातून एकदा ते आमच्या गावात यायचं.

जुने नाशिक

आमच्याकडं तर या दिवसाला नावच आहे, बासी ईद. ईदच्या दिवशी नमाज, गळाभेटी, घरोघरी जाणं, पाहुणे. अम्मी सकाळपासून पातेल्याशी. शीरखुर्म्यासाठी खारीक आदल्या रात्री भिजवून, बारीक कापून ठेवलेली असते, चारोळी सोलणं हे आम्हा बहिणींचं काम. शेवया तुपात परतून शेवटी दुधात सोडायच्या, आधी सोडल्या तर लगदा होतो. रात्री उरलेला शीरखुर्मा फ्रिजमध्ये घट्ट होतो आणि बासी ईदला गार गार चमच्यानं कापून खातात. माझ्या मते खरा शीरखुर्मा तो.

बासी ईद बायकामुलांची. आमच्या गल्लीतली आठ-दहा घरं मिळून फाळके स्मारकाला जायची. एका घराची बिर्याणी, एका घराचे कबाब, आमचा शीरखुर्मा, कुणाच्या तरी चटया. नवे कपडे दुसऱ्यांदा घालायचे. अम्मी कारंज्याजवळ चटईवर पाय पसरून बसायची आणि संध्याकाळपर्यंत उठायची नाही. घरात मी तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. धागा काढणाऱ्या ताईंच्या आईंचं वाक्य वाचलं आणि तीच डोळ्यांसमोर आली. आता ती नाही. गेल्या ईदला मी माझ्या मुलींना त्याच जागी घेऊन गेले.

धागा काढणारी

ताई, हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, चारोळी सोलायला पाण्यात किती वेळ ठेवायची ते विचार. जमलं तर सांगा.

सातपूर

मला सणाचं फारसं सांगता येणार नाही, कारखान्यात पाळी असायची. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा फराळाला कंटाळलेलं घर मिसळीला बाहेर पडतं, हे नाशिकमध्ये सांगायला नको. आता गंगापूर, मखमलाबादकडं मळ्यांमध्ये मिसळीच्या जागा झाल्यात. चूल, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, आणि बाहेर मुलांसाठी झोके, घसरगुंडी, कुठं बैलगाडीची फेरी. माझी नात मिसळ खात नाही, पण ‘मिसळीला जायचं का’ म्हटलं की पहिली चप्पल तिची. सोबत तिचा वरणभाताचा डबा असतो आणि तो कुणी अडवलेला नाही.

नाशिक रोड

डबा अडवण्यावरून लिहितो. हा अनुभव चांगला नाही, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वडील प्रेसमध्ये नोकरीला होते, निवृत्त झाले. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, आम्ही एका मोठ्या पार्कला गेलो. नाव लिहीत नाही. आईनं बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची उरलेली मिसळीची भाजी आणि वडिलांसाठी वेगळं मुगाचं धिरडं घेतलं होतं. गेटवर पिशव्या तपासल्या आणि बाहेरचं अन्न आत नेता येणार नाही म्हणून सांगितलं. आम्हीही वाद घातला नाही, डबे गाडीत ठेवून आलो. इथंच चूक झाली. वडिलांनी सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं. आत खाण्याच्या काउंटरपाशी रांगा होत्या, मुलांना एका राइडपाशी सोडून मी रांगेत उभा राहिलो, आणि बाराच्या सुमारास वडिलांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. आईच्या पर्समध्ये तिळगूळ होता, गेटवर तो कुणाला दिसला नव्हता. तिनं तीन-चार वड्या भरवल्या. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की साखर घसरल्यावर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून देणं जास्त बरं, तिळातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायचं, आणि सावरल्यावर नीट जेवायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी करतो. जायच्या आधी फोन करून विचारतो की रुग्णाचं आणि बाळाचं खाणं आत नेऊ देता का. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवतो. आणि ग्लुकोजची पुडी माझ्या, आईच्या आणि मोठ्या मुलाच्या, अशी तिघांच्या खिशात असते.

त्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर डबे उघडून आम्ही भाकरी आणि भोगीची भाजी खाल्ली. वडिलांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आई सारखी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होती.

शरणपूर

आमच्याकडं नाताळचा फराळ असतो. अनेकांना आश्चर्य वाटतं, पण मराठी ख्रिस्ती घरात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू हे डिसेंबरात होतात. केक असतोच, पण आजीच्या लेखी फराळ म्हणजे करंजी. ओल्या नारळाची नाही, सुक्या खोबऱ्याची, कारण ती वर्षाच्या शेवटच्या रात्रीपर्यंत टिकली पाहिजे.

पंचवीसला चर्च आणि जेवण, आणि सव्वीसला सहल. चार वर्षांपूर्वी इमॅजिकाला गेलो, तिथं स्नो पार्क आहे. माझ्या धाकट्याला लहानपणापासून एक कोडं होतं: नाताळच्या प्रत्येक कार्डावर बर्फ, मग आपल्याकडं का नाही? मी त्याला सांगायचे की निफाडला कधीकधी पहाटे द्राक्षांच्या पानांवर दव गोठतं, तोच आपला बर्फ. त्याला ते पटायचं नाही. स्नो पार्कमध्ये त्यानं मूठभर बर्फ घेऊन आजीच्या हातावर ठेवला. आजी तेव्हा एक्याऐंशीची, भाड्याचं जाड जॅकेट घालून उभी. ती म्हणाली, “आता नाताळ झाला.” परतताना कसाऱ्याच्या घाटाआधी गाडी थांबवून करंज्या खाल्ल्या. आजीचा तो शेवटचा मोठा प्रवास होता.

हरसूल

मी आश्रमशाळेत शिकवतो. आमच्या भागात वाघबारस मोठी. मुलं घरोघर फिरून तांदूळ, नागली, डाळ गोळा करतात आणि गावाच्या शिवेवर वाघदेवापाशी सगळ्यांचं एकत्र शिजतं. मुलांना एकत्र शिजवून, एकत्र वाटून खायची इतकी सवय की वॉटर पार्कच्या सहलीला गेलो तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. पार्कनं प्रत्येकाला वेगळी बंद पाकिटं दिली होती. मुलांनी सगळी पाकिटं एका चादरीवर ओतली, ढीग केला आणि मोठ्या मुलींनी सारखे वाटे घातले. तिथला वाढपी बघत राहिला, मग आतून आणखी दोन पातेली भाजी घेऊन आला.

कॉलेज रोड, चार महिने मुक्काम टॅम्पा, फ्लोरिडा

उशिरा लिहितेय, वेळेच्या फरकामुळं धागा आत्ता दिसला. माझा अनुभव नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा. लेकीकडं आलेय. शेजारच्या अमेरिकन बाईंनी जेवायला बोलावलं होतं. आम्ही शाकाहारी, मग रिकाम्या हातानं कसं जायचं? दुकानात त्या दिवसांत भोपळ्याच्या गराचे डबे रचलेले असतात, पाय नावाच्या पदार्थासाठी. ते बघितले आणि घारगे सुचले.

पहिला घाणा बिघडला. डबाबंद गर आपल्या किसून शिजवलेल्या भोपळ्यापेक्षा खूप ओला. पाणी शोषायला मी कणीक वाढवत गेले आणि घारगे वातड झाले. दुसऱ्या वेळी गर आधी कढईत आटवून घेतला, मग गूळ, मीठ, वेलची, मावेल तेवढीच कणीक आणि खुसखुशीतपणाला थोडी तांदळाची पिठी. खसखस लेकीकडं नव्हती, तीळ लावले. शेजारच्या बाईंनी एक उचलला, मग दुसरा, मग विचारलं की यात आमचाच भोपळा आहे का.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती या धाग्यासाठीच असावी. त्यांच्याकडंही सणाच्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशीची वाट बघतात. उरलेली टर्की, क्रॅनबेरीचा मुरांबा, सगळं पावात घालून सँडविच करतात आणि उभ्या उभ्या खातात. त्यांची आई म्हणे वर्षातून तेवढं एकच सँडविच खायची.

शुक्रवारी आम्ही मॅजिक किंगडमला गेलो, १९७१ सालचं पार्क. गाडी लांब लावून मग मोनोरेल नाहीतर तळ्यातून बोट. नातू मोनोरेल म्हणत होता, मी बोटीचा हट्ट धरला. १९९१ साली आम्ही पहाटेच्या एसटीनं मुंबईला जाऊन गोराईच्या खाडीतून बोटीनं एस्सेल वर्ल्डला गेलो होतो. लेक तेव्हा सहा वर्षांची. आता ते पार्क बंद झालंय. टॅम्पाच्या लेकीनं बोटीत माझा हात धरला, तेव्हा तिलाही तेच आठवत होतं.

नाशिक रोडच्या दादांचं वाचून सांगते, इथं बाहेरचं खाणं आत नेऊ देतात. काचेची भांडी आणि मद्य चालत नाही, गरम करावं लागेल असं नको, आणि उग्र वासाचं नको. शेवटचा नियम वाचून मी लसणाची चटणी घरी ठेवली, फार जिवावर आलं. घारगे, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि नाशिकहून आणलेला कोंडाजीचा चिवडा एवढं नेलं. पिशवी तपासणाऱ्या मुलानं घारग्यांचा डबा उघडून बघितला, मान डोलावली आणि झाकण नीट लावून परत दिला. दुपारी एका झाडाखाली बसलो. समोरून मिरवणूक जात होती, नातवाच्या एका हातात घारगा, दुसरा हात मिरवणुकीकडं. मी पाय पसरून जेवले.

धागा काढणारी

काकू, आई विचारतेय, गर किती वेळ आटवायचा? तिला तुमच्या पद्धतीनं घारगे करून बघायचेत, इथल्या भोपळ्यालाही यंदा पाणी फार सुटतंय.

कॉलेज रोड, मुक्काम टॅम्पा

वेळ बघू नका म्हणावं, कढई बघा. मंद आचेवर ठेवायचा, तळाशी लागू द्यायचा नाही. उलथन्यानं ओढल्यावर कढईचा तळ दिसला आणि गर परत मिळून आला नाही, की गूळ घालायचा. गूळ घातल्यावर पुन्हा सैल होईल, घाबरून लगेच कणीक घालू नका. पूर्ण गार झाल्यावरच मळा. आणि त्यांना सांगा, सहलीला न्यायचे असतील तर आदल्या रात्रीच तळून, पसरून ठेवायचे. गरम डब्यात भरले की घाम धरतात.